दाजींचा तिसरा बाजार

दुकान कसलंही असो, चपलांचं, पंख्यांचं, नाहीतर औषधांचं, दाजी आत शिरले की खांद्यावरचा टॉवेल नीट करत आणि पहिलं वाक्य बोलत, "खोड सांगा आधी."

दुकानदार गडबडायचा. मालाचे गुण सांगायची सवय झालेल्या माणसाला हा प्रश्न कळायलाच वेळ लागे. "कसली खोड, काका?"

"मालाची. गुण काय, ते दिसतेतच. खोड तुमी सांगा."

एकदा औषधाच्या दुकानात त्यांनी खोकल्याच्या बाटलीची खोड विचारली. काउंटरवरच्या बाई हसून म्हणाल्या, "झोप येते हिच्यानं." दाजी खूश. "खरं बोलली बाई. द्या दोन."

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. भगवानराव, राहणार ताडकळस. अक्काचं लग्न झालं तेव्हा मी चड्डीत होतो आणि आई जाऊन वर्ष झालं होतं. त्यामुळे आमच्या घरात दाजींचं स्थान जावयापेक्षा जरा वर आणि वडिलांपेक्षा जरा खाली असं काहीतरी होतं. माझ्यासाठी मुलगी बघणं, परभणीतला प्लॉट, विहिरीवरची मोटर, सगळं दाजींना विचारून झालं. आणि दाजींना विचारायचं म्हणजे वेळ घेऊन बसायचं. कारण दाजी बैल घेणारे होते. आसपासच्या दहा-वीस गावांत कुणाला बैलजोडी घ्यायची असली की आधी दाजींना गाठत. त्यांचा नेम ठरलेला होता. पहिल्या बाजारी बघायचं, दुसऱ्या बाजारी बोलायचं, तिसऱ्या बाजारी घ्यायचं. मध्ये कुणी घेऊन गेला तर गेला, आपला नव्हता.

भाव ते टॉवेलखाली करत. विकणाऱ्याचा हात हातात घ्यायचा, वर टॉवेल टाकायचा आणि बोटं दाबून आकडा सांगायचा. भोवती माणसं उभी असतात, पण कुणाला काही कळत नाही. मी लहानपणी विचारलं होतं, तोंडानं का सांगत नाहीत म्हणून. ते म्हणाले, "एखाद्याला नड असती, पडत्या भावात द्यावं लागतं. चारचौघांत कामून उघडं करायचं त्याला?"

दाजी गेले तेव्हा दहाव्याला चार लोक बोलले. मलाही उभं केलं. मी हात जोडून खाली बसलो. लोकांना वाटलं, दुःखानं बोलवत नाही. ते अर्धं खरं होतं. उरलेलं अर्धं असं, की या माणसानं मला एका उन्हाळ्यात इतका वैताग दिला होता की मी त्यांच्याशी न शोभणारी गोष्ट केली, आणि ते नदीकाठी चारचौघांत सांगण्यासारखं नव्हतं. मी तसाही कमी बोलतो. सुरेखा, माझी बायको, म्हणते की माझ्या पोटातलं काढायला विळी लागते. आज मीच विळीवर बसलो आहे.

माझी नोकरी एका खासगी महाविद्यालयाच्या कार्यालयातली. ती गेली तेव्हा मी पन्नाशीला टेकलो होतो. टायपिंग चांगलं होतं, म्हणून घराच्या पुढच्या खोलीत टेबल टाकलं आणि कृषी विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांचे प्रबंध टाइप करून द्यायला लागलो. तुरीचे वाण, कपाशीवरची कीड, सोयाबीनच्या दोन ओळींतलं अंतर. काम येत होतं. अडायचं ते छपाईला. घरात शाईचा एक जुना प्रिंटर होता. हंगाम नसला की त्याची शाई वाळायची आणि हंगाम असला की ओल्या बोटानं पान फिसकटायचं. म्हणून मी छपाई बाहेर झेरॉक्सच्या दुकानात करून आणायचो. तिथं गर्दीत पानांची सरमिसळ व्हायची. एकदा कपाशीच्या प्रबंधात शेळीपालनाचं चौथं प्रकरण बांधलं गेलं. मार्गदर्शक प्राध्यापकांनी त्या विद्यार्थ्याला सगळ्यांसमोर विचारलं, "बाबा, तुझ्या कपाशीला दूध किती निघालं?" तो विद्यार्थी पुन्हा माझ्याकडे आला नाही.

तेव्हा ठरवलं, घरात स्वतःचं लेझर मशीन घ्यायचं. छपाई, स्कॅन, झेरॉक्स तिन्ही करणारं, आणि आपल्या खिशाला झेपणारं. प्रबंधांचा हंगाम उन्हाळ्यात. त्याआधी मशीन आलं नाही तर विद्यार्थी दुसरीकडे जाणार, आणि विद्यार्थी गेले तर माझ्यापाशी दुसरं काही नव्हतं.

अक्काचा फोन आला. "मशीन घ्यायलास म्हणं. दाजींना इचारलंस का?"

"अक्का, ते प्रिंटर आहे."

"असू दे की. माहेरात माझ्या मानसाला इचारून करतेत, एवढंच हाय माझ्यापाशी मिरवायला. घेशील तवा त्यांना घेऊन जा."

मी बरं म्हणालो.

ताडकळसच्या बाजाराच्या दिवशी दाजी सकाळच्या एसटीनं परभणीत आले. कडक इस्त्रीचा सदरा, नवा टॉवेल. पहिलं दुकान स्टेशनकडच्या रस्त्यावरचं, थंड हवेचं. विक्रेता टाय लावलेला. तो दोन्ही बाजूंनी छपाई, मोबाइलवरून छपाई असं सांगत होता. दाजींनी ते सगळं ऐकून घेतलं आणि मांडून ठेवलेलं मशीन दोन्ही हातांनी उचललं.

"अहो काका, पडेल!"

"हलकं हाय. वझं घ्यायचं न्हाई हे." मग खाली वाकून त्याच्या पोटाकडून बघितलं. "खातं किती?"

विक्रेत्यानं माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, "एका टोनरमध्ये पानं किती निघतात, असं विचारतायत."

त्यानं सांगितलं. दाजींनी विचारलं, "अन् खोड?"

"आमच्या मालात खोड नसते, काका."

"बिगरखोडीचं जनावर मी अजून बगितलं न्हाई," म्हणत दाजी बाहेर.

आठ दिवसांनी पुन्हा त्याच दुकानात. का, तर दुसरा बाजार. या वेळी मालक स्वतः होते. दाजींना बोलणी पुढं न्यायची होती. त्यांनी सवयीनं खांद्यावरचा टॉवेल काढून हातावर टाकला आणि हात मालकांपुढे धरला. मालकांनी क्षणभर बघितलं, टॉवेलला स्वतःचे हात पुसले, आणि "थँक्यू काका" म्हणून परत दिला.

बसस्टँड येईपर्यंत दाजी टॉवेलची घडी घालत आणि मोडत राहिले. मला आत हसू दाटलं होतं आणि रागही येत होता, की यात माझा दुसरा आठवडा गेला.

मग रियाजभाईंचं दुकान सापडलं. गल्लीतलं, अरुंद, अर्धं विक्रीचं, अर्धं दुरुस्तीचं. सगळीकडे उघडी पडलेली मशीनं. रियाजभाई स्क्रू ड्रायव्हर कानावर लावून बसलेले.

"खोड सांगा आधी," दाजी म्हणाले.

रियाजभाईंनी चष्मा कपाळावर चढवला. "चाचा, पयली खोड, हे इन्व्हर्टरवर घेऊ नका. गरम व्हायला लय करंट वढतं, इन्व्हर्टर बसतो. थेट लाइनीवरच लावा. दुसरी खोड, टोनर भरून भरून वापरला की पान काळपट यायलंय. तिसरी, स्कॅनला एकेक पान हातानं ठेवावं लागतं. बाकी बंद पडलं तर मी हाय हितं."

दाजींनी माझ्याकडे असं बघितलं की जणू हरवलेला भाऊ भेटला. "ह्यो मानूस बग, दिगू."

"दाजी, माणूस चांगला आहे. पण मला एकेक पान ठेवणारं चालायचं नाही. शे-दोनशे पानांचा गठ्ठा असतो. वर ठेवला की आपोआप ओढून घेणारं पाहिजे."

"आपोआप वढनारं जनावर कुनी बगितलंय? हाकावंच लागतं."

"ते जनावर नाही, दाजी."

"बरं. ह्याचा पयला बाजार आज."

म्हणजे मोजणी पुन्हा एकपासून. पुढच्या आठवड्यात रियाजभाईंकडे दुसरं एक मॉडेल आलेलं दिसलं, तर त्याचाही पहिला बाजार. त्याच्या पुढच्या आठवड्यात दाजींना पहिल्याचं झाकण जरा कुरकुरतं असं वाटलं. फाल्गुन संपला. चैत्र लागला. विद्यार्थ्यांचे फोन सुरू झाले, "सर, प्रिंट तुमच्याकडेच होईल ना?" मी हो म्हणत होतो. आणि दर बाजारी हा माणूस कडक सदरा घालून दारात हजर, "चल दिगू."

इथं जे लिहायचं ते आजवर सुरेखालाही सांगितलेलं नाही. दाजी उशीर का करतात, हे मला माहीत होतं. त्यांच्या गोठ्यात आता मोटारसायकली उभ्या राहत होत्या. भाच्यांनी नांगरटीला ट्रॅक्टर लावला, बैल विकले. आसपासच्या गावांतही तेच. बैल घ्यायला कुणी बोलवायला येत नव्हतं. एकदा रियाजभाईंच्या गल्लीच्या तोंडाशी चहा पिताना दाजींना गावचा कुणी भेटला. मी पैसे द्यायला आत गेलो होतो. दाजींचा आवाज ऐकू आला, "मेव्हण्याला मशीन घ्यायलोय. माज्याबिगर घेत न्हाई त्यो." तो आवाज मी बैलबाजारात ऐकलेला होता. वीस वर्षांपूर्वीचा. त्यांना बाजार संपवायचाच नव्हता. मला ते कळलं. कळूनही त्याच आठवड्यात मी ऑनलाइन मशीन मागवलं.

वर गठ्ठा ठेवला की ओढून घेणारं. स्वस्तात मिळालं. खोका आला, मी ते पुढच्या खोलीत मांडलं, आणि रियाजभाईंनी सांगितलेलं लक्षात ठेवून थेट लाइनीवर लावलं. कॉम्प्युटर इन्व्हर्टरवर, मशीन लाइनीवर. काम सुरू झालं. अक्षर काळंभोर, पान कोरडं, सरळ. मला फार दिवसांनी बरं वाटलं.

"दाजींना सांगून टाका ना," सुरेखा म्हणाली.

"सांगतो."

सांगितलं नाही. बाजाराच्या दिवशी सकाळी त्याच्यावर चादर टाकली, वर दोन उश्या ठेवल्या, आणि दाजींबरोबर रियाजभाईंकडे मशीन बघायला गेलो. घरात चालू असलेल्या मशीनसाठी दुकानात जाऊन झाकण कुरकुरतं का ते ऐकत उभा राहिलो. मला वाटत होतं की मी त्यांचा मान राखतोय. खरं म्हणजे मला दोन्ही हवं होतं. मशीनही, आणि दाजींना विचारूनच करणारा मेव्हणा हे नावही.

त्याच्या पुढच्या खेपेला ऊन मरणाचं होतं. दुकानातून बाहेर पडताना दाजींना गरगरलं. ते पायरीवरच बसले. मी धावत जाऊन पाणी आणलं. दोन घोट पिऊन, उरलेलं टाळूवर थापून ते म्हणाले, "गडबड करू नको, दिगू. फसशील."

तिथं, त्या पायरीवर, सांगायला हवं होतं. तोंडापर्यंत आलं होतं. मी म्हणालो, "रिक्षा बघतो."

पुढच्या बाजारी दाजी येणारच नाहीत असं मला वाटलं. सकाळभर लाइट नव्हती. कॉम्प्युटर इन्व्हर्टरवर चालू होता, त्यावरून मी एका मुलीचा प्रबंध छपाईला सोडून ठेवला होता. मशीन बंद, म्हणून काम रांगेत थांबलेलं. अकराच्या सुमारास फाटक वाजलं. मी घाईघाईनं चादर ओढली. उश्या ठेवायलाही वेळ मिळाला नाही.

दाजी आले ते हसतच. घामानं सदरा पाठीला चिकटलेला. "सुरेखा, चहा टाक गं. आज तिसरा बाजार हाय. आज घ्यायचं."

"आज?" मी म्हणालो.

"आजच. कामून, पैसं न्हाईत का?"

"आहेत."

"मग तोंड कामून पाडलंस?"

सुरेखा चहा घेऊन दारात आली आणि लाइट आली. पंखा जोरात फिरायला लागला. कोपऱ्यात चादरीखाली काहीतरी किणकिणलं. मग घरघर. मशीन जागं झालं, गरम झालं, आणि रांगेत थांबलेली पानं बाहेर टाकायला लागलं. एकेक पान चादरीला आतून ढकलत होतं. चादर हळूहळू फुगत होती. आम्ही तिघंही तिकडे बघत होतो. मला उठून ते बंद करणं सुचलं नाही.

दाजी उठले. चादर बाजूला केली. मशीनच्या पाठीवर हात ठेवला, बैलाच्या ठेवायचे तसा, सगळा पंजा टेकवून.

"आंग गरम हाय." एक पान उचलून लांब धरून बघितलं. "अक्षर चांगलं यायलंय. कवा आनलं?"

"महिना झाला."

त्यांनी पान परत जागेवर ठेवलं. "म्हंजी त्या पायरीवर बसलो तवा हितंच होतं."

"हो."

"खोड काय हाय ह्याची?"

"काही नाही, दाजी. चांगलं आहे."

त्यांनी चहा घेतला. बशीत ओतून, सावकाश, पूर्ण. कप सुरेखाच्या हातात दिला. मग टॉवेल खांद्यावर टाकून म्हणाले, "येतो मी. तुमचं चालू द्या."

मला चड्डीत असल्यापासून 'ए दिगू' म्हणणारा माणूस 'तुमचं' म्हणाला. मी फाटकापर्यंत मागे गेलो. त्यांनी वळून बघितलं नाही.

संध्याकाळी अक्काचा फोन. "आरं, हे काय हाय? तुजे दाजी टमटममधी खोका घालून आलेत. तुजंच मशीन हाय ना? हितं कामून आनलंय?"

मी दुसऱ्या दिवशी रियाजभाईंकडे गेलो. ते म्हणाले, "चाचा काल सकाळीच आले होते, तुमच्याकडे जायच्या आधी. मशीनवर नारळ ठेवला, विसार दिला. म्हणाले, मेव्हण्याला घेऊन येतो, आज घ्यायचं. दुपारी एकटेच आले. म्हणाले, खोका बांधा. मी म्हणलं चाचा, नको असल तर विसार वापस घ्या, काय बी हरकत न्हाई. तर म्हणाले, बाजारात शब्द टाकला, आता मागं घेनं न्हाई."

झाकण कुरकुरणारं, एकेक पान मागणारं ते मशीन ताडकळसला गेलं. ओसरीत खिडकीखाली चौरंगावर दाजींनी ते ठेवलं. आणि धूळ बसू नये म्हणून त्यावर शेवटच्या बैलाची झूल टाकली. आरशांची, लाल. घरात कुणाला ते चालवता येत नव्हतं, आणि चालवायला काम तरी काय होतं? पोळ्याला मी गेलो तर अक्कानं मातीचे बैल त्यावरच मांडलेले, कारण ओसरीत तेवढीच सपाट जागा होती. दाजींनी मला गंध लावलं. "जेवून जावा," म्हणाले. जावा. पाहुण्याला म्हणतात तसं. नवं काय घ्यायलोय, काय चाललंय, त्यांनी परत कधी विचारलं नाही. अक्का एकदा मला बाजूला घेऊन म्हणाली, "तुमचं दोघाचं काय झालंय?" मी म्हणालो, काही नाही.

वर्षभर असं चाललं. मी सणाला जायचो, झुलीकडे पाठ करून बसायचो.

पुढच्या उन्हाळ्यात, ऐन हंगामात, आमच्या गल्लीतल्या खांबावर काहीतरी तुटलं आणि लाइनीत भलतंच व्होल्टेज आलं. शेजाऱ्यांचे दोन पंखे, एक टीव्ही आणि माझं मशीन गेलं. रियाजभाईंनी उघडून बघितलं. "कार्ड जळालं. हे मॉडेल हितं कुनी विकत न्हाई, कार्ड मागवावं लागतं. कधी येईल सांगता येत न्हाई." मग स्क्रू लावता लावता, वर न बघता, "ताडकळसला हाय की तुमचं एक."

टेबलावर चार प्रबंध पडून होते. नवं मशीन घ्यायची ऐपत नव्हती. मी एसटीत बसलो. योगायोगानं बाजाराचाच दिवस होता.

दाजी ओसरीत होते. मी उभ्या उभ्याच म्हणालो, "दाजी, माझं मशीन जळालं. ते... हे मशीन मिळेल का?"

"घ्यायचंय?"

"हो."

त्यांनी उठून झूल बाजूला केली. "मग बगा आज."

मी बघितलं. काय बघायचं होतं? पांढरं मशीन होतं, आजवर एक पान न काढलेलं. मी त्याच्याकडे आणि दाजी माझ्याकडे, असे आम्ही बसलो. चहा झाला. दाजींनी झूल परत टाकली. तेव्हा माझ्या लक्षात आलं. हा पहिला बाजार होता.

"अहो, द्या की त्याला!" अक्का चुलीकडून ओरडली. "त्याचा धंदा बसायलाय तितं!"

"बाजारात बायांनी मदी बोलू नये."

"कुठला बाजार? माजं अंगन हाय हे!"

दाजी ऐकत नव्हते. मी रिकाम्या हातानं परत आलो. पुन्हा झेरॉक्सच्या दुकानात रांगेत उभा राहिलो, पानं मोजून घेतली, तरी दोन उलटी लागली. सुरेखा म्हणाली, जाऊ नका परत. म्हातारं मुद्दाम छळतंय. मलाही तेच वाटत होतं. त्या आठवड्यात एक विद्यार्थी आपला पेनड्राइव्ह मागून घेऊन गेला. "सर, मला पुढच्या सोमवारी जमा करायचंय, रिस्क नको."

दुसऱ्या बाजारी दाजींनी खोड सांगितली. रियाजभाईंनी सांगितलेली एकूण एक, त्याच क्रमानं. इन्व्हर्टर, काळपट पान, हातानं ठेवायचं. "अन् चौथी माजी. वरीसभर बसून हाय. बसलेलं जनावर पयल्यांदा अडतं. मारू नका त्याला." मग थोडं थांबून, ओसरीच्या खांबाकडे बघत म्हणाले, "घेनाऱ्याची बी खोड असती. ती कुनी इचारत न्हाई."

त्यांनी विचारली नाही. अंगणात चिमण्या धान्य टिपत होत्या. मला माहीत होतं की आता माझी पाळी आहे. मी घड्याळ बघितलं आणि म्हणालो, "एसटीची वेळ झाली."

"जावा."

तो आठवडा मी कसा काढला, विचारू नका. राग दाजींवर येत होता आणि थोड्या वेळानं फिरून माझ्याच अंगावर येत होता. एखादं वाक्य सांगायला माणसाला एवढं का जड जावं?

तिसऱ्या बाजारी मी टेम्पोच घेऊन गेलो. ठरवून गेलो होतो, उतरल्या उतरल्या सांगायचं. पायरीची गोष्ट, चहाच्या टपरीवर ऐकलेलं, मला सगळं कळत होतं हे. दाजी दारातच उभे होते. अंगावर कडक इस्त्रीचा सदरा. वर्षभरात मी त्यांना तसं बघितलं नव्हतं. अंगणात टेम्पोवाला, अक्का, भाचेसून, शेजारचे दोघं.

दाजींनी खांद्यावरचा टॉवेल काढला. हात पुढं केला. मी माझा हात दिला. त्यांनी वर टॉवेल टाकला. त्यांचा तळवा खरखरीत आणि गार होता. मी बोट दाबायची वाट बघत होतो. किती आकडा सांगतील, माझ्यापाशी आहे का तेवढं, असा विचार करत होतो. एकही बोट दाबलं गेलं नाही. त्यांनी नुसता माझा हात धरला होता, सगळा, घट्ट, पोराला बाजाराच्या गर्दीतून नेताना धरतात तसा.

"दाजी," मी म्हणालो, "मला तुम्हाला एक..."

टॉवेलखाली हात आणखी घट्ट झाला.

"भाव बोलून दाखवायचा नसतो, दिगू," ते हळूच म्हणाले. मग टॉवेल उचलून खांद्यावर टाकला आणि टेम्पोवाल्याला हाक मारली, "उचल रे. झूल राहू दे त्याच्यावर."